ग्लूटेनमुक्त सोया सॉस

ग्लूटेनमुक्त सोया सॉस म्हणजे गव्हाचा वापर न करता, किंवा गव्हाऐवजी तांदळासारखे ग्लूटेनविरहित धान्य वापरून, सोयाबीन, मीठ व पाणी यांपासून तयार केलेला किण्वित (आंबवलेला) खारट सॉस होय. सोया सॉस हा केवळ सोयाबीनपासून बनतो, असा समज त्याच्या नावामुळे होतो. प्रत्यक्षात त्याच्या सर्वाधिक खपणाऱ्या जपानी प्रकारात सोयाबीन आणि गहू जवळपास समप्रमाणात असतात. सोयाबीनमध्ये ग्लूटेन नसते. सोया सॉसमध्ये ते गव्हाद्वारे येते. त्यामुळे सेलिॲक रोग असलेल्या व्यक्तींना नेहमीचा सोया सॉस वर्ज्य मानला जातो.

गव्हाविना केलेली तामारी, तांदूळ वापरून केलेला सोया सॉस आणि नारळाच्या नीरेपासून केलेला सॉस हे त्याचे प्रमुख पर्याय आहेत. किण्वित पदार्थातील ग्लूटेन मोजणाऱ्या चाचण्यांना काही मर्यादा आहेत. म्हणून अशा सॉसची निवड करताना तयार सॉसच्या चाचणीपेक्षा तो कोणत्या कच्च्या मालापासून बनवला, हे जाणणे अधिक महत्त्वाचे ठरते.

ग्लूटेन आणि सेलिॲक रोग

ग्लूटेन हा गहू, जव (बार्ली) व राय या धान्यांतील प्रथिनांचा समूह आहे. कणकेला येणारा चिवटपणा आणि पावाला येणारी जाळी ही ग्लूटेनमुळेच येते. सेलिॲक रोग हा स्वप्रतिरक्षित रोग आहे. म्हणजे त्यात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर हल्ला करते. ग्लूटेन पोटात गेल्यावर लहान आतड्याच्या अस्तरावरील बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात आणि अन्नरसाचे शोषण नीट होत नाही. जुलाब, पोट फुगणे, वजन घटणे, रक्तक्षय, हाडे ठिसूळ होणे, मुलांची वाढ खुंटणे ही त्याची काही लक्षणे होत. काही रुग्णांत बाह्य लक्षणे सौम्य असतात किंवा नसतातही. तरी आतड्याची हानी चालूच राहते.

गहू व हा रोग यांचा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनी दाखवून दिला. त्यांचा यासंबंधीचा प्रबंध १९५० मध्ये पूर्ण झाला. आयुष्यभर ग्लूटेनविरहित आहार घेणे हाच या रोगावरील आजचा प्रस्थापित उपचार आहे. रोगाच्या निदानासाठी करावयाच्या रक्तचाचण्या व आतड्याच्या नमुन्याची तपासणी आहारात ग्लूटेन असतानाच विश्वासार्ह ठरतात. म्हणून केवळ संशयावरून गहू सोडण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घेणे आवश्यक असते.

गव्हाची ॲलर्जी ही सेलिॲक रोगाहून वेगळी आहे. काही देशांत, विशेष प्रक्रियेने ग्लूटेन काढून टाकलेला गव्हाचा स्टार्च वापरलेल्या पदार्थांनाही ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणण्याची मुभा असते. त्यामुळे गव्हाची ॲलर्जी असलेल्यांनी केवळ त्या शब्दावर विसंबून न राहता घटकसूचीत गहू नाही, याची खात्री करावी लागते.

इतिहास

सोया सॉसचे मूळ चीनमधील आंबवलेल्या खारट लगद्यांत आहे. बौद्ध भिक्षूंच्या प्रवासांबरोबर ही विद्या जपानमध्ये पोहोचली. जपानी परंपरेनुसार काकुशिन नावाचे झेन भिक्षू १२५४ मध्ये चीनमधून परतले आणि तेथे शिकलेला मिसोचा (सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्याचा) एक प्रकार त्यांनी आजच्या वाकायामा प्रांतातील युआसा गावाच्या परिसरात शिकवला. हा मिसो मुरत असताना पिंपात साचणारा गडद द्रव चवदार असल्याचे लक्षात आले व तो वेगळा काढून वापरला जाऊ लागला. ‘तामारी’ हा शब्द ‘साचणे’ या अर्थाच्या ‘तामारू’ या जपानी क्रियापदापासून आला आहे.

पुढे एदो काळात (१६०३–१८६८) एदो, म्हणजे आजच्या टोकियोजवळील नोदा व चोशी ही गावे सोया सॉसच्या उत्पादनाची मोठी केंद्रे बनली. भाजलेला गहू भरपूर वापरून केलेला, अधिक सुवासिक असा ‘कोईकुची’ हा प्रकार तेथे भरभराटीस आला आणि कालांतराने जपानभर रूढ झाला. गव्हाचे प्रमाण अत्यल्प असलेली तामारी मुख्यतः मध्य जपानमधील आइची, मिए व गिफू या प्रांतांत टिकून राहिली. कोरियातही सोयाबीनचे गोळे आंबवून, ते मिठाच्या पाण्यात मुरवून ‘गुक-गान्जांग’ हा सूपसाठीचा सोया सॉस करण्याची जुनी रीत आहे. तिच्या पारंपरिक स्वरूपात गहू नसतो. म्हणजेच गहू नसलेला सोया सॉस ही आहारविषयक आधुनिक गरजेतून निघालेली नवी कल्पना नाही. ते या पदार्थाचे एक जुने रूप आहे.

निर्मिती

नेहमीच्या जपानी सोया सॉससाठी सोयाबीन भिजवून वाफवतात, गहू भाजून भरडतात आणि दोन्ही एकत्र करून त्यांवर ॲस्परजिलस ओरायझी किंवा तिच्या जवळच्या जातीच्या बुरशीची बीजे पेरतात. उबदार व दमट जागी सुमारे तीन दिवसांत बुरशी सर्वत्र पसरते. या बुरशीयुक्त धान्याला ‘कोजी’ म्हणतात. कोजी मिठाच्या पाण्यात मिसळून जो रबडीसारखा लगदा होतो, त्याला ‘मोरोमी’ म्हणतात. तो अनेक महिने मुरवला जातो. या काळात बुरशीची विकरे (एन्झाइमे) प्रथिनांचे अमिनो आम्लांत व स्टार्चचे शर्करेत विघटन करतात. मीठ सहन करणारे लॅक्टिक आम्लजनक जीवाणू आंबटपणा आणतात, तर यीस्ट शर्करेपासून अल्कोहोल व सुगंधी द्रव्ये तयार करते. शेवटी लगदा कापडातून दाबून रस काढतात व तो तापवून बाटलीत भरतात.

या प्रक्रियेत गहू हा केवळ भर घालणारा घटक नसतो. यीस्टला लागणारी शर्करा प्रामुख्याने गव्हाच्या स्टार्चमधून मिळते; त्यामुळे सॉसचा सुवास व किंचित गोडवा बराचसा गव्हावर अवलंबून असतो. तामारीसाठी मात्र वाफवलेल्या सोयाबीनचे लहान गोळे करून त्यांवरच बुरशी वाढवतात, मिठाचे पाणी कमी घालतात आणि मिश्रण बराच काळ, अनेकदा वर्षभर किंवा अधिक, मुरू देतात. सोयाबीनची प्रथिने अधिक असल्याने तामारी दाट, गडद व अमिनो आम्लांनी समृद्ध असते. तिचा सुवास मात्र कोईकुचीपेक्षा सौम्य असतो. तांदळाचा सोया सॉस करताना गव्हाची जागा तांदळाला देतात. त्यातून यीस्टला शर्करा मिळत असल्याने त्याची चव नेहमीच्या सॉसच्या अधिक जवळ जाते.

तिसरी पद्धत किण्वनाची नसून रासायनिक आहे. तीत वनस्पतींतील प्रथिनांचे आम्लाच्या साहाय्याने जलीय विच्छेदन करतात आणि त्यात रंग, मीठ व गोडी आणणारे पदार्थ मिसळतात. स्वस्त सॉस अनेकदा या पद्धतीने किंवा दोन्ही पद्धतींच्या मिश्रणातून बनतात. अशा सॉसमधील प्रथिने सोयाबीनची, मक्याची किंवा गव्हाचीही असू शकतात.

प्रकार

तामारी: गव्हाविना किंवा अत्यल्प गहू घालून केलेली. ‘तामारी’ हे नाव ग्लूटेनमुक्ततेची हमी देत नाही. जपानमधील अनेक तामारींत थोडा गहू असतो.

तांदळाचा सोया सॉस: सोयाबीन, तांदूळ, मीठ व पाणी यांपासून केलेला. रंग व चव यांबाबत नेहमीच्या सॉसला सर्वांत जवळचा.

नारळाचा सॉस: बाजारात ‘कोकोनट अमिनोज’ या नावाने मिळतो. माडाच्या पोयीतून काढलेल्या नीरेत मीठ घालून ती मुरवतात. कोकणात व गोव्यात नीरा व तिच्यापासूनचा माडाचा गूळ परिचित असला, तरी हा सॉस तेथील पारंपरिक पदार्थ नाही. त्यात गहू व सोयाबीन दोन्ही नसल्याने तो सोयाबीनची ॲलर्जी असलेल्यांनाही चालू शकतो. तो अधिक गोड व सामान्यतः कमी खारट असतो.

याउलट, जपानमधील ‘शिरो’ हा फिकट सोया सॉस मुख्यतः गव्हापासूनच बनतो. रंग फिकट म्हणून गहू कमी, हे अनुमान त्यामुळे चुकीचे ठरते.

मानके आणि चाचणीची मर्यादा

कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार, तसेच भारत, युरोपीय संघ व अमेरिका यांच्या नियमांनुसार, ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थात ग्लूटेनचे प्रमाण एका किलोग्रॅममागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. भारतात हे नियम भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने घालून दिले आहेत. ग्लूटेनयुक्त धान्ये व सोयाबीन या दोहोंचा उल्लेख ॲलर्जीकारक घटक म्हणून वेष्टनावर करणेही भारतात बंधनकारक आहे.

गव्हापासून बनवलेल्या सोया सॉसची चाचणी केली असता ग्लूटेनचे प्रमाण कधी कधी या मर्यादेहून कमी आढळते. त्यावरून ‘किण्वनात ग्लूटेन नष्ट होते, म्हणून नेहमीचा सॉसही चालतो’ असे सांगितले जाते. या विधानात एक त्रुटी आहे. नेहमीची चाचणी ग्लूटेनच्या रेणूला एकाच वेळी दोन ठिकाणी पकडून त्याची मोजणी करते. किण्वनात रेणूचे लहान तुकडे होतात व अनेक तुकड्यांवर पकडण्याजोगी एकच जागा उरते. असे तुकडे चाचणीच्या नजरेतून सुटतात; शरीराची संरक्षक यंत्रणा मात्र त्यांतील काहींना ओळखू शकते. लहान तुकडे मोजणारी दुसरी चाचणी उपलब्ध आहे. परंतु तिने मिळालेला आकडा मूळ ग्लूटेनच्या प्रमाणाशी ताडून पाहणे अवघड असते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२० मध्ये किण्वित व जलविच्छेदित पदार्थांसाठी स्वतंत्र नियम जाहीर केला, तो याच कारणाने. त्यानुसार असा पदार्थ ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणून विकायचा असल्यास त्यातील घटक किण्वनापूर्वीच ग्लूटेनमुक्त होते, हे उत्पादकाने नोंदींच्या आधारे दाखवणे आवश्यक असते. सेलिॲक रुग्णांच्या दृष्टीनेही हेच सूत्र व्यवहार्य आहे: गव्हापासून बनलेला सॉस चाचणीत ‘निर्दोष’ ठरला तरी टाळावा, आणि मुळातच गहू नसलेला सॉस निवडावा.

निवड

सॉस विकत घेताना बाटलीच्या दर्शनी भागापेक्षा मागील बाजूची घटकसूची महत्त्वाची असते. भारतात ती बहुधा इंग्रजीत असते. पुढील बाबी क्रमाने पाहाव्यात.

पहिली बाब, घटकसूची. तीत ‘व्हीट’ (गहू), ‘बार्ली’ (जव), ‘माल्ट’ (मोड आणलेले, बहुधा जवाचे धान्य) हे शब्द असल्यास सॉस घेऊ नये. जपानी बाटलीवरील मूळ सूची वाचून घेणे शक्य असल्यास गव्हासाठीचा शब्द ‘कोमुगी’ हा आहे.

दुसरी बाब, ‘हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन’ हा शब्द. त्यापुढे प्रथिनांचे मूळ सोयाबीन किंवा मका असे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर उत्पादकाकडून खुलासा मिळेपर्यंत तो सॉस टाळणे श्रेयस्कर.

तिसरी बाब, ‘ग्लूटेन-फ्री’ हा उल्लेख. घटकांत गहू नसला, तरी त्याच कारखान्यात गव्हाचा सॉस बनत असल्यास मिसळ होऊ शकते. हा उल्लेख असल्यास उत्पादकावर विहित मर्यादा पाळण्याची जबाबदारी येते. ‘नॅचरल’, ‘ऑरगॅनिक’, ‘ट्रॅडिशनली ब्रूड’ हे शब्द ग्लूटेनविषयी काहीही सांगत नाहीत.

चौथी बाब, त्याच उत्पादकाचे दोन प्रकार. एकाच नाममुद्रेचा साधा व ग्लूटेनमुक्त असे दोन्ही सॉस सारख्याच बाटल्यांत मिळतात. म्हणून प्रत्येक खरेदीच्या वेळी घटकसूची पुन्हा वाचावी.

सोया सॉस हा इतर तयार सॉसमध्येही दडलेला असतो. ऑयस्टर सॉस, होइसिन, तेरियाकी व अनेक तयार शेजवान चटण्या यांत सोया सॉस किंवा गव्हाचे पीठ असू शकते. जवापासून केलेले माल्ट व्हिनेगर व काही चिनी काळी व्हिनेगरे यांबाबतही दक्षता घ्यावी. मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे बोलीभाषेतील ‘अजिनोमोटो’, यात नावसाधर्म्य असूनही ग्लूटेन नसते. १९०९ मध्ये ते प्रथम विक्रीस आले तेव्हा गव्हाच्या ग्लूटेनपासून काढले जाई. आज ते ऊस, मका, टॅपिओका यांसारख्या पदार्थांपासून किण्वनाने करतात.

स्वयंपाकातील वापर

सोया सॉसची मुख्य चव ‘उमामी’ ही आहे. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ती ग्लुटामिक आम्लाशी निगडित असल्याचे दाखवले. तामारीत ही चव अधिक तीव्र असल्याने पाककृतीत सांगितलेल्या सोया सॉसच्या सुमारे तीन-चतुर्थांश तामारीने सुरुवात करावी व चव पाहून ती वाढवावी. तांदळाचा सोया सॉस समप्रमाणात वापरता येतो. नारळाचा सॉस वापरताना पदार्थातील साखर किंवा गूळ कमी करून थोडे मीठ वाढवावे लागते. त्यातील शर्करेमुळे तो तापलेल्या कढईत लवकर करपतो; म्हणून तो शेवटी घालावा.

तामारीला सुवास कमी असल्याने आले, लसूण, पातीचा कांदा किंवा थोडे तिळाचे तेल यांची जोड दिल्यास पदार्थ पूर्ण वाटतो. कोणताही सोया सॉस वापरताना मीठ सर्वांत शेवटी, चव पाहूनच घालावे. सॉस उपलब्ध नसल्यास वाळलेली शिताके अळिंबी कोमट पाण्यात भिजवून ते पाणी आटवावे व त्यात मीठ, किंचित गूळ आणि साधे व्हिनेगर घालावे. ही तात्पुरती सोय होते. आंबवण्यातून येणारी चव मात्र तिच्यात नसते.

भारतीय-चिनी पदार्थ

महाराष्ट्रात सोया सॉसची ओळख मुख्यतः भारतीय-चिनी पदार्थांमुळे झाली. ही पाकशैली कोलकात्यातील चिनी वसाहतीत आकाराला आली. ‘चिकन मंचुरियन’ हा पदार्थ नेल्सन वाँग यांनी १९७० च्या दशकात मुंबईत तयार केला, असे सांगितले जाते. आज शहरोशहरी असलेल्या चायनीजच्या गाड्यांवर एकच कढई, एकच झारा आणि नूडल्स उकळण्यासाठी एकच पातेले वापरतात. म्हणून केवळ ‘सोया सॉस घालू नका’ असे सांगितल्याने तेथील पदार्थ ग्लूटेनमुक्त होत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ यांवर चालणाऱ्या घरात गहू टाळणे तुलनेने सोपे असते. बाहेरच्या खाण्यात मात्र तो ‘भाताचा पदार्थ’ म्हणून मागवलेल्या फ्राइड राइसमधूनही पोटात जातो. सेलिॲक रोग असलेल्या मुलाला मित्रांबरोबर खाता येईल असा पदार्थ घरी करता येणे, याचे मोल त्यामुळे केवळ चवीपुरते राहत नाही.

फ्राइड राइस: दोघांसाठी तीन वाट्या गार, मोकळा भात घ्यावा. मोठ्या आचेवर तेलात लसूण, फरसबी, गाजर, कोबी व ढोबळी मिरची परतावी. भात घालून दोन चहाचे चमचे तामारी कढईच्या कडेने सोडावी व भरभर हलवावे. वरून मिरपूड व पातीचा कांदा घालावा.

व्हेज मंचुरियन: चौघांसाठी किसलेला कोबी व गाजर मीठ लावून पिळून घ्यावे. मैद्याऐवजी कॉर्नफ्लोअर व तांदळाचे पीठ घालून गोळे वळावेत व तळावेत. रश्शासाठी आले, लसूण व हिरवी मिरची परतून दोन वाट्या पाणी आणि दोन मोठे चमचे तामारी घालावी. उकळी आल्यावर दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून त्यात सोडावे व रस्सा दाट झाल्यावर गोळे घालावेत.

नूडल्स: हक्का नूडल्स मैद्याच्या असतात, त्यांऐवजी तांदळाच्या नूडल्स वापराव्यात. कुट्टूच्या (बकव्हीट) पिठाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या जपानी ‘सोबा’ नूडल्समध्ये बहुधा गव्हाचे पीठही असते.

स्वयंपाकघरातील दक्षता

ज्या घरात गहूही वापरला जातो, तेथे ग्लूटेनमुक्त सॉसची बाटली वेगळी खूण करून ठेवावी. पोळ्यांच्या पिठाचे हात किंवा दुसऱ्या सॉसमध्ये बुडवलेला चमचा तिला लागू देऊ नये. नूडल्स निथळण्याची चाळणी व लाकडी उलथणे स्वतंत्र ठेवणे चांगले, कारण त्यांच्या भोकांत व भेगांत पीठ अडकून राहते. ज्या तेलात मैद्याचे पदार्थ तळले, ते तेल पुन्हा वापरू नये. तांदळाचे पीठ गिरणीतून दळून आणल्यास त्याआधी दळलेल्या गव्हाचे पीठ त्यात मिसळते; त्यामुळे ते घरी दळावे किंवा ग्लूटेनमुक्त असा उल्लेख असलेले घ्यावे. फोडणीच्या डबीतील हिंगही तपासावा. बाजारातील मिश्र हिंगात गव्हाचे पीठ बऱ्याचदा असते.

मीठ व साठवण

ग्लूटेनमुक्त सॉस हा मिठाच्या दृष्टीने निर्धोक असतोच असे नाही. एका मोठ्या चमच्यातील (सुमारे १५ मिलिलिटर) सोया सॉस किंवा तामारीत साधारण ९०० ते १,००० मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली दैनंदिन मर्यादा २,००० मिलिग्रॅमहून कमी आहे. म्हणून रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी त्याचा वापर बेताने व डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.

न उघडलेली बाटली थंड व अंधाऱ्या जागी टिकते. उघडल्यावर हवेशी संपर्क येऊन सॉसचा रंग गडद होतो व सुवास उणावतो. म्हणून ती घट्ट झाकून शीतकपाटात ठेवावी. कमी मिठाच्या व परिरक्षक न घातलेल्या सॉसबाबत हे विशेषच आवश्यक आहे. रोजचा वापर थोडा असल्यास लहान बाटली घेणे सोयीचे ठरते.